रविवारचा हिशोब

दर जानेवारीत मी एक संकल्प करते आणि संक्रांतीच्या आत तो मोडते. यंदाचा होता आठवड्याचा आढावा घेण्याचा. डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन' 2001 साली आलं, त्यात ही पद्धत आहे. आठवड्यातून एकदा बसायचं, इकडेतिकडे पडलेले कागद गोळा करायचे, डोक्यातलं सगळं उतरवून काढायचं, याद्या तपासायच्या. मी दोन रविवार बसले. तिसऱ्या रविवारी पाहुणे आले आणि विषय संपला.

नंतर खेडला गेले तेव्हा माळा साफ करताना आजोबांच्या वह्या सापडल्या. 2021 च्या जुलैत जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, पण आमची वाडी उंचावर म्हणून त्या वाचल्या.

आजोबा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात. लालबागच्या खोलीत गावचेच पंधरा-सोळा जण पाळीप्रमाणे झोपायचे. जेवण खानावळीत. वहीत दर रविवारी एक पान. वर जमा आणि खर्च, मग देणं, मनिऑर्डर, आणि सगळ्यात खाली 'राहिलेलं'. 'आईचा चष्मा.' 'पडवीची कौलं.' 'धाकट्याची फी.' झालं की आडवी रेघ, नाही झालं की पुढच्या रविवारी पुन्हा तीच ओळ. सारखी सारखी पुढे आलेली एखादी ओळ कधीतरी थांबते आणि तिच्यापुढे एकच शब्द असतो: 'सोडलं'. म्हणजे ॲलनसाहेबांच्या कितीतरी आधी आमच्या घरात हे चालू होतं!

पण त्यासाठी हातात रविवार हवा, आणि तो काही आपोआप मिळालेला नाही. सुरुवातीला गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत आणि आठवड्याच्या सुट्टीची खात्री नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी ही त्यातली एक मागणी होती, आणि अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. लोखंडे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' साप्ताहिक चालवणारे. 24 एप्रिल 1890 ला दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. 10 जून 1890 ला मालकांनी रविवार मान्य केला आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारलं तरी कळेल. आजोबांच्या वहीतलं रविवारचं पान तिथून आलेलं आहे.

मग 1982 ची वही उघडली.

18 जानेवारीला, सोमवारी, संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आता आजोबांना रोजच सुट्टी. तरी 24 जानेवारीच्या रविवारी पान आहेच! जमा: शून्य. शिमग्याला ते गावी आले आणि इथेच राहिले. वही चालू राहिली, पानं मात्र बदलली. भाताचं बियाणं, उसने पैसे, म्हशीचं दूध. आणि 'राहिलेलं'च्या खाली दर रविवारी एक ओळ: 'गिरणीचं विचारणे.'

संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरणी संपली असं आजोबांना कोणी येऊन सांगणार नव्हतं. ती ओळ मी एकेक पान उलटत मोजत गेले, पन्नासच्या पुढे मोजणं सोडून दिलं. 1983 च्या पावसाळ्यात, एका रविवारी, तिच्यापुढे लिहिलंय: 'सोडलं.' त्याच पानावर पुढे 'लावणीला माणसं' आहे, त्यावर रेघ मारलेली.

आजी म्हणायची, त्या दिवशी ते जेवले नाहीत. कारण तिला कधीच कळलं नव्हतं.

माझ्याही यादीत चार वर्षं एक ओळ पुढे सरकतेय, 'थिसिस पूर्ण करणे'. माझा आढावा पाहुण्यांमुळे बंद पडला असं वर लिहिलंय खरं, पण खरी भीती त्या ओळीची होती. काल पुन्हा बसले, साध्या वहीत. रेघही मारली नाही आणि 'सोडलं'ही लिहिलं नाही. पुढच्या रविवारची तारीख तेवढी टाकली.

असो. काका, 1979 ची वही सापडत नाहीये. तुमच्याकडे आहे का, बघाल?