गाडीतला हँड्सफ्री फोन आणि लायटरचा सॉकेट : लांबच्या प्रवासाआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

मालवण, आचरा, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी चारचाकी आली आहे. कुणी आखातातल्या कमाईतून घेतली, कुणी पर्यटकांच्या धंद्यासाठी, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळतं. ते डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहतं आणि बहुतेकांकडे ते इंग्रजीतच असतं. त्यामुळे स्टिअरिंगवरची फोनची बटणं आणि गिअरजवळचा गोल सॉकेट या दोन गोष्टी वर्षानुवर्षं अंदाजानेच वापरल्या जातात. एरवी चालून जातं, पण रात्री पेशंट घेऊन बांबोळीला किंवा कोल्हापूरला निघायची वेळ आली की हाच अंदाज महाग पडतो. म्हणून दोन्हींची माहिती एकत्र देत आहोत.

फोन गाडीला जोडताना

हँड्सफ्री म्हणजे फोन खिशात ठेवून गाडीच्या माइकवर बोलणं आणि गाडीच्या स्पीकरवर ऐकणं. हे ब्लूटूथने होतं. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजावरून घेतलं आहे, मुलांना सांगायला बरं! जोडणी पहिल्यांदा एकदाच करायची असते आणि ती गाडी उभी असताना करावी. फोनमध्ये ब्लूटूथ चालू करायचं, गाडीच्या स्क्रीनवर फोनच्या मेनूत जाऊन नवीन फोन जोडायचा पर्याय निवडायचा, दोन्हीकडे एकच आकडा दिसतोय ना हे बघून होय म्हणायचं. जुन्या स्टिरिओत स्क्रीन नसते, तिथे बहुधा ०००० किंवा १२३४ हा आकडा लागतो.

पुढे फोन विचारतो, गाडीला तुमचे नंबर आणि कॉलची यादी बघू द्यायची का? स्वतःच्या गाडीत हो म्हणायला हरकत नाही. भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या गाडीत मात्र नाही म्हणावं, आणि परत करताना गाडीच्या यादीतून आपला फोन पुसून टाकावा. नाहीतर घरातल्या बायकामुलींचे नंबर परक्याच्या गाडीत राहतात.

जोडून झालं आणि गाणं वाजतं पण कॉल येत नाही, किंवा उलट, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. कॉल आणि गाणी हे ब्लूटूथचे दोन वेगळे रस्ते आहेत. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे गेलं की दोन्हींची खूण वेगवेगळी दिसते. कॉलची खूण बंद असेल तर चालू करायची. घरातले दोन फोन एकाच गाडीला जोडलेले असतील, तर ज्याचा फोन आधी पकडला जाईल त्याचे कॉल गाडीत वाजतात. बाप गाडीत बसून इंजिन चालू करतो आणि अंगणात उभ्या पोराचा फोन स्पीकरवर बोलू लागतो, हा प्रकार त्यातलाच.

केबलने स्क्रीनवर नकाशा आणायचा असेल तर नुसती चार्जिंगची स्वस्त केबल चालत नाही. तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे फोन चार्ज होतो पण स्क्रीन ढिम्म राहते. गाडी बिघडली असं समजून गॅरेजला जाण्याआधी केबल बदलून पाहावी.

नावांचा एक प्रश्न आपल्याकडे खास आहे. काही जुन्या सिस्टीम देवनागरी किंवा उर्दू लिपीतली नावं दाखवतच नाहीत, नुसते चौकोन येतात. आम्ही स्वतः दोन्ही लिप्यांचे आग्रही आहोत, तरी एवढ्यापुरतं सुचवतो की डॉक्टर, घर आणि ज्यांना अडीअडचणीला फोन करायचा अशा चार-पाच जणांची नावं रोमन अक्षरांत ठेवावीत आणि ती छोटी, एकमेकांपासून वेगळी असावीत. बोलून फोन लावताना 'मामू' आणि 'मामी' यांत मशीनचा गोंधळ होतो.

समोरच्याला आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर गाडीचा माइक शोधा. तो बहुधा ड्रायव्हरच्या डोक्यावर, छतातल्या दिव्याजवळ असतो. तिथे जाळीदार सीट कव्हरवाला किंवा सजावटवाला काहीतरी चिकटवून गेलेला असतो. एसीचा पंखा जोरात असला की त्याची घरघर माइक पकडतो. तो एक-दोनवर आणावा, काचा लावून घ्याव्यात. कॉलचा आवाज कमी-जास्त करायचा तर कॉल चालू असतानाच करायचा, कारण तो गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळा ठेवलेला असतो.

हात मोकळे, डोकं अडकलेलं

कायदा आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली बदल झाला आणि गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागलं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड १० हजार आणि कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी आणि ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायची मुभा आहे. म्हणजे नकाशा बघायचा तर फोन होल्डरमध्ये हवा. मांडीवर ठेवून मान खाली घालणं त्यात बसत नाही.

हँड्सफ्रीने हात सुटतात हे खरं, पण लक्ष सुटत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. फोन हातात असो की हँड्सफ्री, बोलण्यात गुंतलेल्या ड्रायव्हरचं समोरच्या गोष्टींकडे होणारं दुर्लक्ष जवळजवळ सारखंच, असं त्यांना आढळलं. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाच्या एका अभ्यासात दिसलं की बोलून नंबर लावण्यासारखं काम संपल्यावरही काही सिस्टीममध्ये ड्रायव्हरचं मन पूर्ण रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ जातो. ताशी ६० किलोमीटरने २७ सेकंदांत गाडी ४५० मीटर जाते. कसालहून मालवणकडे येणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर एवढ्या अंतरात किती वळणं आणि किती गुरं आडवी येतात, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं. त्याला समोरचा ट्रक दिसतो, तो आपोआप गप्प बसतो. मस्कतहून किंवा कुवेतहून बोलणाऱ्या भावाला तो ट्रक दिसत नाही. तिकडे शुक्रवारची सुट्टी, तो निवांत असतो, इकडे आपण जुम्म्याच्या नमाजेला पोचायच्या घाईत. असा कॉल आला तर 'गाडीत आहे, पोचून लावतो' एवढंच बोलून ठेवून द्यावं. कुणी वाईट वाटून घेणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, पण ती गाडीच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. हँड्सफ्रीवरचं बोलणं गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जातं. बाजूला पेशंट आहे, मागे त्याची बीबी बसली आहे, आणि डॉक्टरचा किंवा घरच्यांचा फोन स्पीकरवर वाजतो. रिपोर्टमधली गोष्ट, पैशांची गोष्ट, कधी कुणाच्या इंतकालची खबर सगळ्यांच्या कानावर एकदम आदळते, आणि स्टिअरिंग ज्याच्या हातात आहे त्याच्याही. म्हणून पेशंट घेऊन निघताना ड्रायव्हरचा फोन गाडीपासून तोडून ठेवावा आणि सगळे फोन मागे बसलेल्या एका शांत डोक्याच्या माणसाने घ्यावेत. निघण्याआधी घरी तसं सांगून ठेवावं : 'अब्बा गाडी चालवतायत, मला फोन करा.' चालत्या गाडीत हँड्सफ्री उचलावाच लागला तर पहिलं वाक्य हेच असावं की गाडीत सगळे ऐकतायत.

अपघात किंवा तब्येत बिघडली तर ११२ आणि १०८ हे नंबर हँड्सफ्रीवरूनही लागतात. १०८ ची अँब्युलन्स सेवा महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे आहे, त्यामुळे पत्रादेवी ओलांडल्यावर नंबर बदलत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे. आंबोली किंवा करूळच्या घाटात मात्र मध्येच नेटवर्क जातं आणि गाडी कितीही नवी असली तरी हँड्सफ्री त्यावर काही करू शकत नाही. घाट चढायच्या आधी फोन करून घ्यावा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा.

लायटरचा सॉकेट किती ओझं उचलतो

गिअरजवळच्या त्या गोल भोकाला आपण अजून लायटरच म्हणतो, कारण पूर्वी त्यात सिगारेट पेटवायची कांडी असायची. आता ती नसते, पण १२ व्होल्टची वीज तिथेच मिळते. मधला ठिपका धन, बाजूची कडा ऋण. मागे एक फ्यूज असतो, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचा धडा आहे (उर्दू माध्यमात तिलाच बरक़ी रौ म्हणतात), त्यातलं सूत्र इथे कामाला येतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट. १५ चा फ्यूज असेल तर १८०. यापेक्षा जास्त मागितलं की फ्यूज उडतो.

मोबाइल चार्जर १०-२० वॅटचा, त्याची फिक्र नको. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप दहाएक अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून तो एकटाच लावावा आणि इंजिन चालू ठेवावं. गाडीतला युएसबी पोर्ट वेगळा, तो फक्त ५ व्होल्टचा. जुन्या गाड्यांत तो गाण्यांसाठी दिलेला असतो, त्यावर आजचा फोन नकाशा चालू असताना चार्ज होण्याऐवजी उतरतच जातो. अशा वेळी लायटरमध्ये चांगल्या कंपनीचा चार्जर लावणं बरं.

आता पेशंटचं. कोविडच्या काळात बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले आणि अजून आहेत. घरगुती पाच लिटरचं मशीन ३०० वॅट किंवा त्याहून जास्त घेतं. लायटरला इन्व्हर्टर लावून ते चालवायचं म्हटलं तर ३०० भागिले १२, म्हणजे २५ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. फ्यूज उडणार, आणि तो उडणार तो कुडाळ-बांद्याच्या मध्ये कुठेतरी, रात्री. फ्यूज उडू नये म्हणून कुणी त्या जागी जाड फ्यूज किंवा तार घातली तर वायर तापून गाडीलाच आग लागू शकते. म्हणून स्पष्ट सांगतो : घरचं कॉन्सन्ट्रेटर लायटरवर चालवायचा विचारच करू नये. सिलिंडर असलेली अँब्युलन्स मागवावी. प्रवासासाठीचे बॅटरीवाले छोटे कॉन्सन्ट्रेटर वेगळे असतात. त्यांच्यासोबत गाडीची केबल येते, पण तीसुद्धा घरी उभ्या गाडीत एकदा तपासून घ्यावी.

दम्याच्या नेब्युलायझरचं गणित काठावरचं आहे. मशीनखालच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, त्यामुळे शंभराच्या आसपासचं मशीनसुद्धा छोट्या इन्व्हर्टरला बंद पाडू शकतं. ज्यांच्या घरी दम्याचं मूल आहे त्यांनी बॅटरीवर किंवा युएसबीवर चालणारं छोटं मेश नेब्युलायझर मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिनसाठी वीज लागतच नाही. थर्मास किंवा थंड पिशवी पुरते, फक्त कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये आणि उन्हात उभ्या गाडीत सोडून जाऊ नये.

बांबोळीला पार्किंगमध्ये रात्र काढणारे आपले नातेवाईक कितीतरी असतात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवून ५० वॅटचा थंड डबा पाच तास चालवला तर २१ अँपिअर-तास गेले, आणि सकाळी डिस्चार्ज मिळतो तेव्हा गाडी 'टक टक' करते, सुरू होत नाही. काही गाड्यांत सॉकेट चावी काढल्यावर आपोआप बंद होतो, काहींत चालूच राहतो. आपल्या गाडीत काय होतं ते चावी काढून, चार्जरचा दिवा बघून आजच पाहून ठेवा. बॅटरी वाचवायची म्हणून काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं तर त्याहून वाईट. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला ना वास, ना रंग.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना खाऱ्या हवेचा त्रास आहेच. न वापरलेल्या सॉकेटच्या आत हिरवट थर चढतो, मग चार्जर हलवला की चालू, सोडला की बंद. गाडी बंद करून, त्या सॉकेटचा फ्यूज काढून, कोरड्या कापडाने किंवा इलेक्ट्रिशियनकडच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावं. स्क्रू ड्रायव्हर आत घालू नये. झाकण असेल तर लावलेलं ठेवावं, कारण पोरं त्यात नाणी टाकतात आणि एका नाण्याने फ्यूज जातो.

तो फ्यूज कुठे आहे हे डॅशबोर्डखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रात दिलेलं असतं. तेवढ्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज आणि एक छोटा चिमटा कप्प्यात ठेवावा. टेम्पो-ट्रकवाल्यांनी एक लक्षात घ्यावं की मोठ्या गाड्यांची वीज २४ व्होल्टची असते. कारचा फक्त १२ व्होल्टचा पंप किंवा थंड डबा तिथे लावला की तो त्याच मिनिटाला जळू शकतो. चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' असं छापलेलं असेल तरच तो दोन्हीकडे चालतो.