मांडीवरून चाइल्ड सीटवर

गणपतीची मूर्ती गाडीतून आणायची असली की आपल्या घरांत आदल्या दिवसापासून चर्चा सुरू होते. मागच्या सीटवर जुनी गोधडी, तिच्यावर पाट, दोन्ही बाजूंना उशा. अलीकडे तर पाटाभोवती सीट बेल्टही आवळतात. गाडी चालवणारा एकही खड्डा चुकवायचा सोडत नाही. त्याच गाडीत पुढे आजीच्या मांडीवर दीड वर्षाचे बाळ मोकळे बसलेले असते. बाप्पाला बेल्ट आणि बाळाला मांडी, हे आम्हीही अनेक वर्षे केले. त्यात काही चुकते आहे, असे कधी मनातही आले नाही.

याला कारण आपला प्रवासाचा इतिहास. आमच्या लहानपणी घरात वाहन म्हणजे स्कूटर. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या पुढच्या मोकळ्या जागेत थोरल्याने उभे राहायचे आणि धाकट्याने आई-वडिलांच्या मधे बसायचे. कुणा नातेवाइकाची कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी असली, तर तिच्यात सात-आठ माणसे आणि वर मुले, मांड्या मिळतील तशी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात स्वतःची मोटार उभी राहिली. मोटार बदलली, वेग वाढला, मुलाची जागा मात्र मांडीच राहिली.

परदेशातही सुरुवात वेगळी नव्हती. १९३०च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या मिळू लागल्या, पण मूल एका जागी राहावे आणि त्याला खिडकीबाहेर दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. सुरक्षिततेचा विचार नंतर आला, आणि तोही आधी मोठ्यांसाठी. स्वीडनचे अभियंते निल्स बोलिन यांनी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केले होते. व्होल्वो कंपनीत आल्यावर त्यांनी १९५९ साली खांदा आणि कंबर एकाच वेळी धरणारा तीन बिंदूंचा बेल्ट तयार केला. कंपनीने हा शोध इतरांनाही वापरू दिला, म्हणून आज तो जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे. पण हा बेल्ट प्रौढ माणसाच्या हाडांच्या मापाने बेतलेला. लहान मुलाच्या बाबतीत तो गळ्यावर आणि पोटावर येतो.

स्वीडनमध्येच बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात यावर वेगळा उपाय शोधला. अवकाशवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे जोराचा दाब संपूर्ण पाठीवर विभागला जातो. हेच पाहून आल्डमन यांनी मुलाला गाडीत मागे तोंड करून बसवणारे आसन सुचवले. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. गाडी समोरून आदळली, तर पुढे तोंड असलेल्या मुलाचे डोके झटक्याने पुढे जाते. मागे तोंड असेल तर आसनाची पाठ डोके, मान आणि पाठ एकत्र सांभाळते.

कायदा होण्यात मात्र मांडीच आडवी आली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी पाठपुरावा करून चाइल्ड सीटचा कायदा करवून घेतला. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. पण त्यात एक पळवाट होती : मूल मोठ्या माणसाने हातात धरले असेल तरी चालेल. ती पळवाट काढायला १९८१ साल उजाडले. म्हणजे आईच्या कुशीवरचा विश्वास फक्त आपलाच नव्हे. तो सगळीकडचा आहे.

हा विश्वास कुठे तुटतो, ते साध्या हिशोबाने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर बसतो. दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. ते धरून ठेवणे कुणाही पैलवानाला शक्य नाही. त्यात धरणाऱ्याने स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर त्याचे वजनही बाळावरच येते.

आपल्याकडे हा विषय मोठ्या अपघातांनंतरच बोलला गेला. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर बसले होते. ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात तर आपल्या रोजच्या रस्त्यावरचा. उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत असताना चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. सिल्वाशाहून भिलाड, तलासरी करत मुंबईला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने तो पूल ओलांडलेला आहे.

कायदा त्याआधीच झाला होता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केले नाही, तर एक हजार रुपये दंड. २०२३ पासून भारत एनकॅप या चाचणीत मोटारींना मुलांच्या सुरक्षिततेचे वेगळे तारे मिळू लागले. सरकारी नोकरीमुळे कलमे वाचायची आम्हांला सवय आहे. पण कलम पाठ असणे आणि सीट नीट बसवता येणे यांत किती अंतर असते, ते आम्हांला वासोण्याच्या रस्त्यावर कळले.

काही वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला बहीण आली, तेव्हा भाच्यासाठी आम्ही हौसेने चाइल्ड सीट आणली. आई म्हणाली, "माझ्या मांडीपेक्षा त्या प्लॅस्टिकला जास्त माया आहे का?" आम्ही हसून सीट ठेवली आणि बॅग बांधावी तसा गाडीचा बेल्ट तिच्यावरून टाकून बक्कल लावले. सिंह सफारी दाखवायला निघालो. वासोण्याच्या अलीकडे गाय आडवी आली, ब्रेक दाबला आणि सीट भाच्यासकट एका कुशीवर कलंडली. वेग कमी होता, म्हणून रडण्यावर निभावले. आई काही बोलली नाही. ते जास्त लागले.

घरी येऊन सोबतची पुस्तिका पहिल्यांदा उघडली. बेल्ट वरून टाकायचा नसतो. सीटच्या अंगातच त्याचा मार्ग दाखवलेला असतो. बऱ्याच सीटवर मागे तोंड करून बसवण्यासाठी निळी आणि पुढे तोंड करून बसवण्यासाठी लाल खूण असते. त्या मार्गाने बेल्ट घालून बक्कल लावावे. मग गुडघ्याने किंवा हाताने सीट खाली दाबून धरत आधी कमरेचा आणि नंतर खांद्याचा भाग ओढून ढील काढावी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल होऊ शकतात. म्हणून सीटला स्वतःचा चिमटा असेल तर तो लावावाच. शेवटी बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवून पाहावी. इंचभरापेक्षा जास्त हलली, तर पुन्हा सुरुवात. मुलाच्या अंगावरचे पट्टेही इतके घट्ट हवेत की खांद्यावर चिमटीत चुणी येऊ नये. आणि मागे तोंड असलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

ही चूक आमची एकट्याची नव्हती. बेल्टने सीट बसवताना पुष्कळ पालक चुकतात, हे जगभर दिसले, म्हणूनच आयसोफिक्स ही पद्धत आली. तिच्यात गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या कड्यांत सीट अडकवतात. तिचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ साली ठरले. नव्या गाड्यांत सीटच्या फटीत बोटे घालून पाहिले, तर ही कडी हाताला लागतात. जुन्या गाडीत नसली, तरी बिघडत नाही. नीट आवळलेला बेल्ट तेच काम करतो.

यंदाही आपल्यापैकी अनेक कुटुंबे बाप्पासाठी कोकणात जातील. निघण्याआधी दहा मिनिटे सीट हलवून पाहण्यात घालवावीत, एवढीच विनंती. आमची आई आता भाच्याच्या शेजारी मागे बसते, स्वतःही बेल्ट लावते आणि त्याचा हात धरते. मांडी सुटली, पण जवळीक सुटली नाही.