कुलूप-किल्ली व्यवसाय : नोंदणी व दस्तऐवज

कुलूपे उघडणे, दुरुस्त करणे व नव्या किल्ल्या घडविणे या कारागिरीचे लहान दुकान थाटणाऱ्यास जे दाखले व करार बाळगावे लागतात, त्यांचा विचार येथे सातारा व सांगली या शहरांपुरता केला आहे. कॅलिफोर्निया व टेक्सस या अमेरिकन राज्यांत किल्लीवाल्यास स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात त्या कारागिरीचा निराळा परवाना नसून सर्वसाधारण दुकानदाराचेच कायदे त्यास लागू होतात.

१९४९ साली सातारा जिल्ह्याच्या विभाजनातून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. राज्याचे कायदे दोहोंकडे एकच असले, तरी साताऱ्याचा कारभार १९६५ च्या अधिनियमाखालील नगरपरिषदेकडे, तर सांगलीचा १९९८ साली स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे आहे.

१९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंदणी ‘गुमास्ता परवाना’ या नावाने लोकांच्या तोंडी रुळली. २०१७ च्या अधिनियमाने, त्याच्या मूळ तरतुदीनुसार, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानास नोंदणीतून मुक्त करून केवळ सूचना देण्याचे बंधन ठेवले. २०२२ च्या दुरुस्तीने अशा दुकानांसही मराठी फलक अनिवार्य केला. व्यवसायकराचा दाखला १९७५ च्या अधिनियमान्वये घ्यावा लागतो. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. लहान उद्योगांसाठीची, २०२० पासूनची ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. गाळा भाड्याने घेतल्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमान्वये करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. पदपथावर बसणाऱ्या कारागिरास २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाचे संरक्षण मिळू शकते.

या सर्व दाखल्यांहून गंभीर प्रश्न हत्यारांचा आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घरफोडीचे साधन कायदेशीर सबबीवाचून जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि कुलूप उघडण्याची किल्लीवाल्याची साधने तशीच भासू शकतात. म्हणून रात्री बोलावणे आल्यास ग्राहकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा व वाहनाच्या नोंदणीपुस्तकाचा तपशील, कामाची वेळ व सही यांची नोंदवही ठेवणे, ही कायद्याने विहित केलेली नसली तरी या व्यवसायाची अत्यावश्यक शिस्त होय. कारण परक्याचे दार उघडण्याचा अधिकार कौशल्यातून नव्हे, तर मालकाच्या संमतीतूनच उत्पन्न होतो, आणि त्या संमतीचा लेखी पुरावा ग्राहक व कारागीर या उभयतांचे रक्षण करतो.