औषध, महसूल आणि गुन्हा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात गांजा नियमनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यावरील राळ म्हणजे चरस. आयुर्वेदाने या वनस्पतीला ‘विजया’ म्हटले, शुद्धीकरणाचे संस्कार सांगितले आणि जातीफलादि चूर्णासारख्या कल्पात तिला स्थान दिले. १८३९ मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वात व संधिवातावरील तिच्या उपयोगाविषयी निबंध मांडला व पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. असे असूनही शासनाच्या दफ्तरात ही वनस्पती प्रथम महसूल म्हणून आणि पुढे गुन्हा म्हणून नोंदली गेली. औषध म्हणून तिचे नियमन स्थानिक पातळीवर का उभे राहिले नाही, याचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वसाहतकालीन व्यवस्था

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले व पुसद तालुका त्यास जोडला गेला. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली होता आणि पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख होता. नदीच्या दोन तीरांवर दोन राजवटी आणि दोन अबकारी व्यवस्था, ही या जिल्ह्याची वैशिष्ट्यपूर्ण स्थिती येथे लक्षात घ्यावयास हवी.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न विचारला गेला. त्यातून त्याच वर्षी भारत सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमला. त्यात तीन भारतीय सदस्य होते. मध्य प्रांतातील सनदी अधिकारी ए. एच. एल. फ्रेझर हेही त्यात होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. त्यात अधिकाऱ्यांबरोबर डॉक्टर, वैद्य व हकीम यांचाही समावेश होता. वेड्यांच्या रुग्णालयांतील नोंदी तपासताना, रोगाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द अनेकदा पोलिसांनी पाठविलेल्या कागदावरून, कोणतीही चौकशी न होता उतरवून घेतला जातो, असे आयोगाच्या निदर्शनास आले.

१८९४ च्या अहवालात आयोगाने संपूर्ण बंदी आवश्यक नाही व इष्टही नाही, असा निर्णय दिला. मर्यादित सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असे त्याचे मत होते. त्यासाठी त्याने पुरेसा कर, परवान्याखालील व ठरावीक क्षेत्रापुरती लागवड, दुकानांच्या संख्येवर नियंत्रण आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा असे उपाय सुचविले. संस्थानी मुलुखातून होणाऱ्या चोरट्या आयातीचाही त्याने विचार केला. मध्य प्रांतात खंडवा परिसरात लागवड केंद्रित झाली होती. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि पुढे १९१५ चा अबकारी कायदा आला.

ही व्यवस्था कागदोपत्री सुसूत्र होती, हे मान्य करावे लागेल. शेत, कोठार, दुकान आणि गिऱ्हाईक या प्रत्येक टप्प्यावर शासनाची नजर होती. परंतु दुकानात येणारा मनुष्य दुखण्यासाठी गांजा घेतो की नशेसाठी, हा प्रश्न या व्यवस्थेने विचारलाच नाही. वैद्याची साक्ष आयोगाने घेतली. परवान्याच्या साखळीत मात्र वैद्याला जागा मिळाली नाही. ज्याने कर भरला त्याचा माल कायदेशीर, इतकाच या नियमनाचा अर्थ होता.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर

दारू व मादक पदार्थांतून मिळणाऱ्या महसुलास राष्ट्रीय चळवळीने नैतिक आव्हान दिले. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९३८ चा दारूबंदी कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने दिलेल्या वचनांची परिणती १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात झाली.

या कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनाचा अपवाद आहे. कलम १० अन्वये गांजाच्या लागवडीस परवानगी देऊन तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. पानांचा, म्हणजे भांगेचा, समावेश ‘गांजा’च्या व्याख्येत नाही, तो विषय राज्यांच्या कायद्यांकडे राहतो. याउलट विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. दंडाचा भाग गावोगावी पोहोचला, अपवादाचा भाग मात्र पुस्तकातच राहिला.

याचे सामाजिक परिणाम दुहेरी आहेत. यवतमाळ हा कापूस व तुरीचा कोरडवाहू जिल्हा असून २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याने उभ्या पिकात चार झाडे लावली तर तो थेट फौजदारी कायद्याच्या कक्षेत येतो. दुसरीकडे, असाध्य वेदनेने त्रस्त रुग्णासाठी कायद्याने ठेवलेले दार तालुक्याच्या गावी उघडत नाही. मॉर्फिनचा अनुभव येथे बोलका आहे. १९८५ नंतर परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे कर्करुग्णांसाठीचा मॉर्फिनचा वापर देशात कमालीचा घटला आणि तो सावरण्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. त्या दुरुस्तीनंतर जाहीर झालेल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गांजाजन्य औषधाचा समावेश नाही.

२ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला कठोरतम अनुसूचीतून वगळले; भारताने बाजूने मत दिले. त्यापूर्वी २०१८ मध्ये अमेरिकेत विशिष्ट दुर्मिळ अपस्मारासाठी कॅनाबिडिऑल या घटकास औषध म्हणून मान्यता मिळाली होती. तथापि किशोरवयीनांच्या मनावर होणारे गांजाचे दुष्परिणाम नाकारता येत नाहीत. त्यामुळे येथे मुक्त विक्रीचे समर्थन अभिप्रेत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कलकत्ता, हैदराबाद, नागपूर, मुंबई व दिल्ली अशा दूरच्या केंद्रांतून या जिल्ह्यासाठी नियम आले. त्यांचा हेतू आधी महसुलाचा व नंतर दंडाचा होता. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेदाचे शिक्षणही आहे. औषधी वापराचे नियमन उभारावयाचे झाल्यास त्याचा आरंभ डॉक्टर व वैद्य यांच्या चिठ्ठीपासून, रुग्णाच्या नोंदीपासून आणि तपासलेल्या औषधापासून व्हावयास हवा. १८९४ च्या आयोगाने दुकान मोजले, झाड मोजले आणि कर मोजला. रुग्ण मोजण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.