आजीचा जन्म कोणत्या देशात झाला?

गेल्या पावसाळ्यात ऑफिसात माझ्याकडे एक कंटाळवाणं काम आलं. एका ॲपच्या फॉर्ममध्ये ‘जन्मदेश’ निवडायची यादी होती, ती दुरुस्त करायची होती. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे राजारामपुरीतल्या घरी बसून मी यादी मोजली. आयएसओच्या प्रमाण यादीत २४९ नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश मात्र १९३.

मग उरलेल्या ५६ नोंदी कुणाच्या? व्हॅटिकन, पॅलेस्टाइन, तैवान, अंटार्क्टिका अशी काही नावं सोडली, तर बहुतेक आहेत ते दूरच्या एखाद्या देशाच्या ताब्यातले प्रदेश. त्यातलीही बरीच बेटं. ग्वाम, टोकेलाऊ, पिटकेर्न, न्यू कॅलिडोनिया. यादीत यांना स्वतंत्र ओळ आहे, पण जगात स्वतंत्र देशाचा दर्जा नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात पेडण्याहून दादाचा फोन आला. हा आजीच्या भावाचा नातू. म्हणाला, “आमची पोर्तुगालची फाइल गेली. तुझ्या आजीचा जन्म इथलाच ना? कागद शोध. तुलाही मिळेल पासपोर्ट.”

आजीला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, तो कागद सापडला. भाषा पोर्तुगीज, वर्ष १९३४, आणि माथ्यावर प्रदेशाचं नाव : ‘एस्तादो दा इंडिया’. म्हणजे भारत राज्य. कागद पोर्तुगालचा आणि नाव भारताचं. आता माझ्या यादीत आजीने काय निवडलं असतं?

समुद्र नेमका कुठे होता?

कोल्हापूरहून पेडण्याला जायला समुद्र ओलांडावा लागत नाही. सकाळी निघून आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडी-बांदा मागे टाकायचं, की दुपारच्या जेवणाला पोचतो. तरीही पोर्तुगालच्या कायद्यात आजीचं माहेर ‘सागरापलीकडचा प्रांत’ होतं. हा समुद्र लिस्बनहून बघणाऱ्यालाच दिसायचा.

गोवा म्हणजे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली ३,७०२ चौरस किलोमीटरची पट्टी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून तिसवाडी घेतली, पुढे बारदेश आणि सासष्टी. या जुन्या काबिजादी. फोंडा, डिचोली, सत्तरी, काणकोण वगैरे नव्या काबिजादी अठराव्या शतकात आल्या. पेडणे सगळ्यात शेवटी, १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणून ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’ हे वाक्य पेडण्याला लागू नाही. तिथे ती पावणेदोनशे वर्षांचीही नव्हती.

कारभार बघायला लिस्बनने नेमलेला गव्हर्नर जनरल असायचा. गोव्यातून लिस्बनच्या संसदेत पहिले प्रतिनिधी निवडले गेले ते १८२२ मध्ये. ऐकायला हे फार पुढारलेलं वाटतं. पण १९३० मध्ये सालाझारचा ‘वसाहत कायदा’ आला आणि गोवेकर पुन्हा कागदोपत्री दुय्यम झाले. पक्ष एकच, आणि छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती ठेवणं लाजिरवाणं ठरू लागलं. तेव्हा पोर्तुगालने सोपा उपाय शोधला. १९५१ मध्ये घटनेत ‘वसाहत’ हा शब्द खोडून ‘सागरापलीकडचा प्रांत’ हा शब्द घातला. व्हेरिएबलचं नाव बदलायचं, आतलं लॉजिक तेच ठेवायचं. आम्ही असं केलं तर कोड रिव्ह्यूमध्येच अडकतो.

पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात गेला. तिथे विचारणा झाली, तुमच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश कोणते? उत्तर आलं, एकही नाही, आमच्याकडे फक्त प्रांत आहेत. हे उत्तर पाच वर्षं टिकलं. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात आमसभेने नावं वाचून दाखवली : अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर, आणि ‘गोवा व त्याचे उपप्रदेश, ज्यांना भारत राज्य म्हटलं जातं’. आजीच्या कागदावरचं नाव त्या यादीत असं आलं होतं.

सुतक

आजी १९५२ मध्ये लग्न होऊन कोल्हापुरात आली. तिचं सासरही तीन वर्षांपूर्वीपर्यंत संस्थान होतं. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. तेव्हा दोन्ही घरांना राज्य बदलणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

सुरुवातीला येणंजाणं होतं. मग १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही निःशस्त्र हद्दीत शिरले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मेली. भारताने नाकेबंदी आवळली. रेल्वे थांबली, परवान्याशिवाय जाणं बंद झालं. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं.

आजीचे वडील १९५७ मध्ये गेले. निरोप बांद्याच्या ओळखीतून फिरत फिरत आला, तोवर दहा दिवस उलटले होते. परवान्याचा अर्ज करून उपयोग नव्हता. “तीन दिवसांचं सुतक मी बातमी आल्यावर धरलं गं,” ती सांगायची. “तिकडं दहावं झालं नि इकडं माझं पहिलं पाणी.”

गंमत म्हणजे नाकेबंदीने गोवा उपाशी राहिला नाही. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागलं. त्यासाठी पैसा कुठला? लोहखनिजाचा. पन्नासच्या दशकात गोव्याचे डोंगर खणून मुरगाव बंदरातून जपान आणि पश्चिम जर्मनीला धातू जाऊ लागला. एरवी गोव्याचा आधार म्हणजे मुंबईत काम करणाऱ्या गोवेकरांच्या मनीऑर्डरी. आजीचा भाऊ एका खाणमालकाकडे कारकून झाला. घरात परदेशी वस्तू आल्या, बोलायचं स्वातंत्र्य नाही आलं.

आणि ‘प्रांत’ या शब्दाची खरी किंमत बघायची तर मोहन रानडे यांच्याकडे बघा. मूळचे आपल्या शेजारच्या सांगलीचे, मनोहर आपटे. गोवा मुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात पोचले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले ते १९६९ मध्ये. गोव्याच्या मुक्तीनंतरही सात वर्षं ते तिकडेच कैदेत होते.

निकेलचं बेट

आता माझ्या यादीतल्या न्यू कॅलिडोनियाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये सुमारे १८,५०० चौरस किलोमीटरचा बेटसमूह. मुख्य बेट लांबट, मधोमध डोंगरांचा कणा, लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात. फ्रान्सने १८५३ मध्ये घेतला. मूळच्या कानाक लोकांचं प्रमाण आज चाळीस टक्क्यांच्या आसपास. डोंगरात लोखंडाऐवजी निकेल, आणि अर्थव्यवस्था त्या निकेलवर आणि पॅरिसहून येणाऱ्या पैशांवर.

फ्रान्सने १९९८ च्या करारानंतर इथे बराच कारभार स्थानिकांकडे दिला. त्यांची स्वतःची विधानसभा आहे, सरकार आहे. संरक्षण, न्याय, चलन मात्र पॅरिसकडे. सालाझारने जे कधीच केलं नाही ते फ्रान्सने केलं : लोकांना विचारलं. २०१८, २०२० आणि २०२१, तीनदा मतदान झालं आणि तिन्हीदा स्वातंत्र्य हरलं. मात्र तिसऱ्या मतदानावर कानाक पक्षांनी बहिष्कार घातला होता. कोविडच्या मृत्यूंचं सुतक चालू आहे, मतदान पुढे ढकला, असं ते सांगत होते. ते ढकललं गेलं नाही.

मे २०२४ मध्ये तिथे दंगली पेटल्या, दहाहून जास्त माणसं मेली. कारण काय, तर मतदारयादी. नंतर येऊन स्थायिक झालेल्यांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं का? प्रश्न विचारला जाणं पुरेसं नसतं, तो कुणाला विचारला जातो यावर उत्तर ठरतं.

हे वाचताना मला १६ जानेवारी १९६७ आठवला. म्हणजे आजीने सांगितलेला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर त्या दिवशी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं मिळाली, फुलाला १,३८,१७०. गोव्यातल्या माणसाला ‘तुला कुठे राहायचंय’ हे थेट विचारलं गेलं, ते पहिल्यांदा तेव्हा. १९५१ मध्ये लिस्बनने विचारलं नव्हतं. खरं सांगायचं, तर १९६१ मध्ये दिल्लीनेही नाही.

आजीला फूल हवं होतं. माहेर आणि सासर यांच्यात परत कसलीच रेघ नको, एवढंच तिचं राजकारण. पण ती कोल्हापूरची रहिवासी, तिला मत नव्हतं. भावाला मत होतं. सगळं पेडणं फुलाकडे झुकलेलं असताना त्याने पानं निवडली. आजी वर्षभर त्याच्याशी नीट बोलली नाही. शेवटी भाऊबीजेला तो आला तेव्हा म्हणाला, “आक्का, जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं. मला वाटलं ते मी सांगितलं.”

माझा कागद

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागायची वाट आजही खुली आहे. वाट कटकटीची आहे, पण हजारो जण ती चालून गेले आहेत. दादा लिव्हरपूलला जाऊ, लिस्बनला जाऊ असे बेत करतोय. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या आजोबांनी खाणीत कारकुनी केली, त्याच्या वेळेला खाणीच बंद पडल्या.

माझं काय? भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. ऑफिसातले म्हणतात, वेडी आहेस का, युरोपचा पासपोर्ट आहे. घरी आई काहीच म्हणत नाही, फक्त तो कागद लॅमिनेट करून आणलाय.

मी अजून अर्ज केलेला नाही. करणार नाही असंही म्हणत नाही. आजीच्या डोक्यावरचं राज्य दोनदा बदललं, माहेरचं आणि सासरचं, आणि दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. मला निदान विचारलं जातंय, तर उत्तर घाईत द्यायचं नाही.

ॲपचं काम मात्र संपवलं. ‘जन्मदेश’च्या खाली एक मोकळी चौकट मागून घेतली : ‘जन्मगाव’. तिथे यादी नाही, जो तो आपल्या हाताने लिहितो. टेस्टिंगसाठी पहिली नोंद मीच केली. देशाच्या यादीत काय निवडावं ते ठरेना, म्हणून ती ओळ रिकामी सोडली. खालच्या चौकटीत लिहिलं, पेडणे.