डाव, दैव आणि कसब : पब्जीच्या निमित्ताने

मार्च २०१९ मध्ये हिंगोलीचे नाव काही दिवस देशभरच्या वृत्तपत्रांतून छापून येत होते. शहरालगतच्या खटकाळी बायपासजवळ रेल्वेरुळांवर मोबाइलमध्ये पब्जी खेळण्यात गढून गेलेले दोन तरुण हैदराबाद-अजमेर गाडीखाली सापडले, अशी ती बातमी होती. त्याच महिन्यात राजकोटच्या पोलिसांनी या खेळावर बंदी घालून काही तरुणांना अटक केली होती, आणि एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. त्या दिवसांतल्या घराघरांतल्या वादात एक आक्षेप हटकून निघे. कुस्तीला अंग लागते, बुद्धिबळाला डोके लागते. या खेळाला काय लागते? बोटे नाचवायची आणि नशिबात येईल ते उचलायचे! खेळणारी पोरे यावर विलक्षण चिडत. व्यसनाचा आरोप ती निमूट ऐकून घेत. कसब नाही हा आरोप मात्र त्यांना झोंबे. या चिडण्यामागे एक फार जुना वाद आहे, आणि तो मराठी वाचकाने पाहण्याजोगा आहे.

आधी खेळाविषयी. ब्रेंडन ग्रीन या आयरिश रचनाकाराच्या 'प्लेअरअननोन' या टोपणनावावरून हा खेळ ओळखला जातो. त्याची मूळ आवृत्ती २०१७ मध्ये आली, मोबाइलवरची मार्च २०१८ मध्ये. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. एरांगेल हा त्याचा पहिला नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद कल्पिलेला आहे. उतरताना हाती काहीच नसते. घराघरांत पडलेली शस्त्रे, चिलखते, औषधे शोधायची, इतरांना मारायचे आणि सतत आवळत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचे. विमान कोणत्या रेषेने जाईल, कोणत्या घरात बंदूक मिळेल आणि कोणत्या घरात नुसतेच हेल्मेट, शेवटचे वर्तुळ कुठे आवळेल, यातले काहीही खेळणाऱ्याच्या हाती नाही. जिंकणाऱ्याला पडद्यावर 'चिकन डिनर'चे जे अभिनंदन दिसते, ते वाक्यही मुळात जुगारअड्ड्यांच्या बोलीतले आहे. शिवाय मोबाइलवर सुरुवातीच्या पातळ्यांवर समोर येणारे कित्येक प्रतिस्पर्धी माणसे नसून यंत्रचालित बाहुली असतात. त्यांना टिपून स्वतःला निष्णात समजणारे पुष्कळ. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला एवढे तथ्य निश्चित आहे.

परंतु दैवाचा एवढा वाटा मान्य करूनही एक गोष्ट उरते. तेच ते खेळाडू पुन्हा पुन्हा शेवटच्या दहांत का पोहोचतात? गोळ्या सुटताना बंदुकीचे तोंड वर उसळते. ते अंगठ्याने नेमके तेवढेच खाली ओढत राहणे ही महिनोन्महिन्यांच्या सरावाची गोष्ट आहे. वर्तुळाचा पहिला आकार पाहून पुढचा कुठे पडू शकेल याचा अदमास बांधणे, टेकडीची कोणती बाजू धरायची आणि गाडी कुठे सोडायची हे ठरवणे, चौघांच्या संघात कोणी कोणाला आडोसा द्यायचा हे दोन शब्दांत बोलणे, हे सर्व शिकावे लागते आणि न शिकलेल्याला येत नाही. कानात यंत्र घालून पावलांच्या आवाजावरून शत्रू वरच्या मजल्यावर आहे की भिंतीपलीकडे, हे ओळखणारी मुले आहेत. कसब म्हणजे याहून वेगळे काय असते? माझ्या मते येथे कसब आहे, आणि ते खरे आहे. पण त्याचा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे बाह्य जगाकडे कान आणि डोळे पूर्ण बंद करून खोट्या पावलांचा खरा आवाज ऐकणे हा आहे. खटकाळीच्या घटनेचा विचार करताना 'रिकामटेकडा खेळ' हे विशेषण म्हणूनच मला अपुरे वाटते. ज्या खेळात काही लागतच नाही, तो माणसाला इतका ओढून घेत नाही.

आपली भाषा या बाबतीत मोठी सूचक आहे. 'डाव' हा एकच शब्द मराठीत पैलवानाच्या युक्तीला वापरतात, खेळाच्या फेरीला वापरतात आणि जुगारात लावलेल्या रकमेलाही वापरतात. 'कसब' हा मूळचा अरबी शब्द. त्यात मिळवण्याचा, कमावण्याचा अर्थ आहे. त्यावरून आलेला 'कसबी' कारागीर मान मिळवतो, आणि 'कसबीण' ही शिवी होते. कौशल्य सिद्ध झाले म्हणजे प्रतिष्ठा मिळतेच असे नाही, हे या दोन शब्दांइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल. संतांच्या अभंगांत आणि भारुडांत हुतूतू, हमामा, फुगडी, विटीदांडू येतात ते संसाराची रूपके म्हणून. तिथे कोण किती तरबेज हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या जिल्ह्यात नामदेवांचे नर्सी आहे आणि विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ आहे, तेथील विद्यार्थ्याला हे सांगायला नको.

द्यूताच्या बाबतीत मात्र आपल्या परंपरेने हा प्रश्न थेट विचारलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेल्या जुगाऱ्याला फासे स्वतःच्या मर्जीने नाचणारे दिसतात. वनपर्वातील नलोपाख्यान याच्या नेमके उलट टोक दाखवते. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बिभीतकाच्या झाडावरची पाने आणि फळे एका नजरेत मोजतो; नळ रथ थांबवून ती संख्या पडताळून पाहतो आणि ती बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय घेतो. ती विद्या मिळताक्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. बिभीतक म्हणजे बेहडा. त्याचीच फळे फासे म्हणून वापरली जात आणि मूठभर फळांची संख्या झटकन ओळखण्यावर डाव बेतलेला असे, हे ध्यानात घेतले की मोजणीचा प्रसंग तिथे का आला ते उलगडते. म्हणजे या कथेपुरते तरी दैव हे अडाण्याला दिसणारे कसबाचे रूप आहे. पुढे बृहदश्व ऋषी हेच अक्षहृदय युधिष्ठिराला देतात आणि विराटाच्या दरबारी तो कंक नावाने फासे खेळणारा म्हणूनच राहतो. सभापर्वात आपण शकुनीला कपटी म्हणतो; पण खेळाचे ज्ञान नसताना आव्हान स्वीकारणाऱ्या धर्मराजाचे काय करायचे, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

कायद्याने हाच प्रश्न वेगळ्या हेतूने विचारला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने 'निव्वळ कौशल्याच्या' खेळांना सूट दिली. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथला जुगार कायदा १३०५ फसलीचा, म्हणजे सुमारे १८९५-९६ चा, आणि त्यातही तशीच सूट होती. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यांत शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा विचार केला. एकाच जागी दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसावेत आणि 'बरोबर' उत्तर मात्र आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेले असावे, अशा कोड्याला भाषाज्ञान काय कामाचे? (साहित्याच्या काही परीक्षांची आठवण येथे अनेकांना होईल.) जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती स्पर्धा जुगार नव्हे, ही भूमिका तिथे घेतली गेली. त्यानंतर सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला आला. तो त्याच जुन्या हैदराबादी कायद्याखालचा होता आणि १९६७ च्या नोव्हेंबरात त्याचा निकाल लागला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला डोके लागते, म्हणून रमी मुख्यत्वे कौशल्याची, असे न्यायालयाने ठरवले. पाने पिसून वाटली जातात म्हणजे दैव आहेच. पण ते ब्रिजमध्येही असते. तीन पत्तीला मात्र ही सवलत मिळाली नाही.

या निकालातला विचार पब्जीला जसाच्या तसा लागू पडतो. दैव आहे की नाही हे विचारण्यापेक्षा, आलेल्या दैवाचे खेळणाऱ्याला काही करता येते का, हे विचारायला हवे. आणि ते एका डावात दिसत नाही. म्हणूनच या खेळाच्या स्पर्धांत एका सामन्यावर विजेता ठरत नाही. अनेक सामने होतात आणि टिकलेल्या क्रमांकाचे व टिपलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण एकत्र मोजले जातात. वाईट विमानरेषा एकदा वाट्याला येते, दहा वेळा सगळ्यांच्याच वाट्याला येते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी होते. कारण मुलांचे वेड नव्हते. कारण सीमेवरचा चीन होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये वेळेच्या मर्यादांसह पुन्हा आला. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धांत त्याची एक आवृत्ती पदकांसाठी खेळली गेली. तिच्यात माणसांवर गोळ्या झाडण्याऐवजी निशाण्यांवर झाडायच्या होत्या. कसब राखून हिंसा काढून टाकण्याचा हा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे; नेमबाजी आणि तलवारबाजी हे क्रीडाप्रकारही याच वाटेने आलेले आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि शतकाहून जुनी कसोटी दोन तुकड्यांत मोडली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळावर बंदी, मग त्यात कौशल्य असो वा दैव. म्हणजे १९६७ मध्ये रमीला मिळालेला आधार मोबाइलच्या पडद्यावर चालेनासा झाला. दुसरीकडे ई-स्पोर्ट म्हणून मान्यता हवी असेल, तर निकाल केवळ शारीरिक चापल्य, बुद्धीची चपळता, डावपेच अशा गुणांवर ठरला पाहिजे. जुन्या कायद्यातील 'निव्वळ'चा अर्थ न्यायालयांनी 'मुख्यत्वे' असा लावला, तसाच या 'केवळ'चाही लावावा लागेल. अक्षरशः घेतला, तर एरांगेलवरचे वर्तुळ बाद होईल, आणि तोच न्याय मैदानावर लावायचा म्हटले, तर क्रिकेटची नाणेफेकही टिकणार नाही.