दोन विमानतळांमधील वाट

विमानाचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य चिंचवडच्या रेल्वे-स्टेशनापासून आरंभ करतो, हें ऐकून कांहीं श्रोत्यांना नवल वाटेल. पण आजचा विषय आकाशाचा नसून जमिनीचा आहे. एका शहराला दोन विमानतळ असले, म्हणजे एकावर उतरलेल्या प्रवाशानें दुसऱ्यावर जावें कसें? स्वतःची मोटार बाळगणाऱ्याचा प्रश्न मी घेत नाहीं. बस, आगगाडी, मेट्रो अशा सर्वांच्या वाहनांतून जाणाऱ्याचा घेतों. प्रश्न लहान दिसतो. परंतु दुसरा विमानतळ जगला कीं खंगला, हें पुष्कळ ठिकाणीं या वाटेनेंच ठरविलें आहे. आणि पिंपरी-चिंचवड व चाकण या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याला तर तिचा हिशेब अद्याप चुकता करावयाचा आहे.

चिंचवड हें जेव्हां कारखान्यांसाठीं नव्हे, तर मोरया गोसावींचें क्षेत्र म्हणून ओळखलें जाई, त्या काळांतली ही गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादवरून जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून तें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलें. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. समुद्राच्या कुशींतली ती चिखलाची जमीन; पावसाळा लागला कीं तिच्यावर पाणी उभें राही. मग सारें बिऱ्हाड, म्हणजे दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ, उचलून पुण्यास आणावें लागे. येथें येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलींतलें एक मैदान त्यांना वापरावयास मिळालें होतें. ही आठवण टाटा पुढें मोठ्या मिस्किलपणें सांगत.

म्हणजे वर्षांतले कांहीं महिने मुंबईचा दुसरा विमानतळ येरवड्यास असे! या दोहोंमधली जमिनीवरची वाट कोणती? तर लोहमार्ग. कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेची गाडी १९२९ सालीं धावूं लागली होती, आणि १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली होती. पावसाळ्यांत बोरघाट ओलांडून, चिंचवड-खडकी मागें टाकीत पुणें गाठावयाचें, तर याहून भरंवशाचें वाहन नव्हतें. विमान त्या वेळीं बाल्यावस्थेंत होतें आणि आगगाडी ऐन तारुण्यांत होती. म्हणून ही वाट कोणास सलली नाहीं. पुढें विमान वाढलें, आणि वाटेची आठवण कोणास राहिली नाहीं.

मुंबईचेंच पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांची मुलकी वाहतूक जुहूहून सांताक्रूझला गेली. १९८१ सालीं परदेशीं जाणाऱ्या विमानांसाठीं सहारची इमारत उघडली. देशांतली विमानें सांताक्रूझच्या बाजूसच राहिलीं. धावपट्ट्या त्याच, आकाश तेंच. कागदावर विमानतळ एक, पण हातांत पेट्या असलेल्या माणसाला ते दोन. नागपूरहून येऊन लंडनला जाणाऱ्यानें सांताक्रूझला उतरावें, समोर धावपट्टी दिसत असतां पाठ फिरवून बाहेर पडावें, आणि बस किंवा टॅक्सी धरून पार्लें-अंधेरीच्या गर्दींतून वळसा घेत त्याच मैदानाच्या दुसऱ्या अंगास जावें, असा हा प्रकार वर्षानुवर्षें चालला. या दोन बाजू एका मेट्रोनें जोडल्या गेल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्यें. आतां दोहोंच्या मध्यें सहार रोड हें एकच स्थानक लागतें. एवढ्या अंतरासाठीं आपणांस त्रेचाळीस वर्षें लागलीं.

हा दोष केवळ आपलाच आहे असें मात्र नाहीं. लंडनच्या हीथ्रो व गॅटविक या दोन विमानतळांमध्यें १९७८ पासून हेलिकॉप्टरची फेरी चालत असे. खालीं राहणाऱ्या लोकांना तो कानठळ्या बसविणारा उपद्रव झाला, आणि शहराभोंवतीं मोठा वर्तुळमार्ग होतांच १९८६ सालीं ती फेरी बंद झाली. टोकियोची कथा अधिक कडू आहे. नारिता येथील नवा विमानतळ शेतकऱ्यांच्या निकराच्या विरोधाला न जुमानतां बांधला गेला आणि मे १९७८ मध्यें उघडला. तो शहरापासून साठ किलोमीटरांच्या घरांत. त्याच्यासाठीं योजलेला जलद लोहमार्ग अर्ध्यावरच सोडून द्यावा लागला, आणि जी गाडी पोहोंचली ती विमानतळाच्या इमारतीपासून दूर थांबे. तेथून पुन्हां बस! गाडी इमारतीच्या तळघरांत शिरली ती १९९१ सालीं. आज मात्र जुन्या हानेदा विमानतळाहून नारितास एकाच गाडींत बसून जातां येतें. तीन निरनिराळ्या मंडळ्यांच्या रुळांवरून ती गाडी धांवते, आणि प्रवाशाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. दोष सुधारतां येतो तो असा.

कॅनडांतील मॉन्ट्रियल शहराला तो सुधारतां आला नाहीं. तेथें १९७५ सालीं मिराबेल नांवाचा प्रचंड विमानतळ उघडला. हजारों एकर शेतजमीन घेऊन, कुटुंबें उठवून तो बांधला होता. परदेशची विमानें मिराबेलला आणि देशांतलीं जुन्या डोर्व्हालला, अशी वांटणी झाली. दोहोंना शहराशीं जोडणारा जलद लोहमार्ग होणार होता. तो झालाच नाहीं. प्रवाशांनीं काय केलें? त्यांनीं विमान बदलावयास दुसरें शहर निवडलें. १९९७ सालीं परदेशचीं विमानें डोर्व्हालकडे परत आणावीं लागलीं, ऑक्टोबर २००४ मध्यें मिराबेलहून शेवटचें प्रवासी विमान गेलें, आणि दहा वर्षांनीं ती इमारतहि पाडावयास घेतली. मिराबेलच्या ऱ्हासाला आणखीहि कारणें होतीं, हें मी नाकारीत नाहीं. विमानें लांब पल्ल्याचीं झालीं, व्यापार टोरांटोकडे सरकला. पण वाट नसणें हें त्यांतलें असें कारण होतें, कीं जें माणसाच्या हातचें होतें.

आतां आपल्या अंगणांत येऊं. लोहगावची धावपट्टी १९३९ सालीं लष्करी विमानांसाठीं घातली गेली, आणि आजहि ती हवाई दलाची आहे. मुलकी प्रवासी तेथें पाहुणा. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना सुरू झाला, पुढें मोटारी आल्या, १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. ज्या चाकणच्या भुईकोटांत १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्तेखानाला पन्नासांहून अधिक दिवस झुंजविलें, त्याच्या आसपास परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले. या साऱ्या पसाऱ्याचें दार मात्र तें एकच. ऑक्टोबर २०२१ मध्यें धावपट्टीच्या दुरुस्तीसाठीं तें चौदा दिवस बंद राहिलें. त्या चौदा दिवसांत पुण्याच्या प्रवाशाला विमानासाठीं मुंबई गांठावी लागली. पूर्वीं मुंबईला येरवडें लागे, तसेंच हें, फक्त दिशा उलटी.

अशा स्थितींत चाकणजवळ नवा विमानतळ व्हावा ही कल्पना या शतकाच्या आरंभीं पुढें आली यांत आश्चर्य नाहीं. खेड तालुक्यांत जागा पाहिल्या गेल्या, बदलल्या गेल्या. कोठें डोंगर आडवे आले, कोठें शेतकरी. आणि जो शेतकरी आडवा आला त्याला दोष देण्याचें धैर्य मला तरी होत नाहीं, कारण कारखान्यांसाठीं त्यानें एकदां जमीन दिलीच होती. अखेर २०१६ सालीं सरकारनें पुरंदर तालुक्याची निवड जाहीर केली. चाकण उत्तरेस, पुरंदर दक्षिणेस. मध्यें सारें पुणें शहर.

आजची वाट कशी आहे तेंहि पाहूं. पिंपरीहून मेट्रोनें निघावें, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी, रामवाडीस उतरावें, आणि तेथून लोहगावच्या विमानतळापर्यंत बस किंवा रिक्षा करावी. पेटी एकच असेल तर हें जमतें. रामवाडीचा मार्ग मार्च २०२४ मध्यें सुरू झाला, तेव्हांपासून तर बरेंच जमतें. चाकणच्या माणसाला मात्र मेट्रोच नाहीं; त्याला आधीं नाशिक रस्त्यावरच्या मालमोटारींच्या रांगेंतून भोसरीपर्यंत यावें लागतें. आणि मुंबईकडे पाहिलें तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं आहेत. घाट उतरणाऱ्या पिंपरीकराला तो सहारहून जवळ पडतो. पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडावयाचें झालें, तर दोहोंना थेट जोडणारी मेट्रो अजून व्हावयाची आहे.

पुरंदरचीं सात गांवें आहेत: पारगांव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी व उदाचीवाडी. मे २०२५ मध्यें तेथें जमिनीच्या पाहणीला विरोध झाला आणि लोक व पोलीस यांच्यांत झटापट झाली. त्या गांवांचा प्रश्न आधीं सुटावयास हवा. तो सुटला, विमानतळ झाला आणि लोहगावहि चालू राहिला, तर पुणें हें खरोखर दोन विमानतळांचें शहर होईल. मग दिल्लीहून लोहगावला उतरलेला आणि पुरंदरहून परदेशीं निघालेला प्रवासी हडपसर ओलांडून दिवे घाट चढेल. त्याच्या गाडीचे रूळ कोठून जावयाचे, हें ठरविण्याची वेळ धावपट्टी आंखली जाते तीच. टोकियोनें ती दवडली आणि तेरा वर्षें प्रवाशांना बसमध्यें बसविलें.